कच्चा माल

नागपूरच्या प्रयोगशाळेत तयार झालेला पऱ्हाटीचा पहिला तुकडा दीपानं घरी आणला, तेव्हा तिच्या बापानं तो आधी उजेडाकडे धरला, मग दोन्ही हातांनी ताणला आणि शेवटी दातांत धरून ओढून पाहिला. तुकडा फाटला नाही. दिसायला तेलकट कागदासारखा, आरपार उजेड दाखवणारा, वजनाला काहीच नाही.

"हे पऱ्हाटीचं हाये म्हनतं?" उकंडानं विचारलं.

"पऱ्हाटीचंच, बाबा. मायनं सकाळी चुलीत घातली ना, तीच."

उकंडाची सारी उमर दिग्रसच्या आर्णी रोडवरच्या जिनिंगमध्ये गेली होती. प्रेसवर गाठी आवळून आवळून त्याचे खांदे उतरले होते. कापसातून रुई निघते, सरकी निघते, आणि शेतात उरते ती पऱ्हाटी जळणाला, एवढंच त्याला ठाऊक. जिनिंग बंद पडली तेव्हा तोही घरी बसला. आता तो तुकडा त्यानं बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, "पाह्य रुखमे. पोरीनं काडीतून काय काढलं."

दीपा पीएच.डी.साठी हेच करत होती. वेचणी संपल्यावर शेतात उभं राहतं ते वाळकं झाड घ्यायचं, त्याची साल हातानं सोलायची, आगपेटीच्या काडीएवढे तुकडे करायचे, सोड्यात शिजवायचे, पांढरेशुभ्र करायचे आणि मग जबर दाबाच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा काढायचे. लाकडातले धागे उलगडत जात, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक होत. शेवटी वाटीत उरे ती खळीसारखी दाट, निळसर झाक असलेली पेज. पाठ्यपुस्तकात तिला नॅनोसेल्युलोज म्हणत. दीपाच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम तिला 'आपलं दही' म्हणत. ह्या दह्यापासून प्लास्टिकच्या जागी वेष्टन होणार होतं, जखमेवरची पट्टी होणार होती, आणखी काय काय होणार होतं. एका वाटीपुरतं ते झालंही होतं.

पुण्याच्या शुभ्रांश मटेरियल्स नावाच्या कंपनीनं ती वाटी पाहिली आणि कारखाना काढायचं ठरवलं. जागा कुठे, ह्यावर बोलणं निघालं तेव्हा दीपाच पुढे झाली. "सर, पऱ्हाटी आहे तिथेच कारखाना हवा. आमच्या दिग्रसला जिनिंग रिकामी पडली आहे. शेड आहे, विहीर आहे, वीज आहे." कंपनीला जागा पटली. दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर जिनिंगच्या गंजक्या फाटकाला निळा रंग लागला. दीपा तिथली प्रक्रिया-प्रमुख झाली आणि उकंडा चौकीदार. ज्या फाटकातून त्याला कामावरून काढलं होतं, त्याच फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला आली. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागला.

कारखान्याचा मुख्य नंदकिशोर. यवतमाळच्या वकिलांच्या घरातला, औषधांचे कारखाने उभे करून आलेला, मोजकं बोलणारा. माणूस वाईट नव्हता. दीपाला तो 'मॅडम' म्हणे आणि तिचं ऐकूनही घेई. कारखाना कसा चालतो हे तिच्यापेक्षा त्याला जास्त कळे, ह्यात शंका नव्हती.

जानेवारीत दीपा बाजूच्या तांड्यावर गेली. जिनिंगच्या भिंतीला लागूनच खेमसिंगचं शेत. खेमसिंग उकंडाचा जुना दोस्त. जिनिंग चालू होती तेव्हा त्याची गाडी सगळ्यात आधी फाटकावर लागायची. त्याच्या अंगणात माणसं जमली. दीपानं समजावलं की औंदा पऱ्हाटी जाळू नका, वीटभट्टीला देऊ नका, कंपनी घेईल.

"घेऊन करसान काय?" खेमसिंगनं विचारलं.

"काका, तिच्यातून असा धागा काढतो की जो डोळ्यांनी दिसत नाही."

"दिसत नाही तं हाये कायवरून?"

सगळे हसले. दीपाही हसली. खेमसिंगची बायको रुपीबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "देऊन टाका जी. आपली पोरगी हाये. उकंडाभाऊची पोरगी का आपल्याले फसवन?"

फेब्रुवारीपासून ट्रॅक्टर येऊ लागले. आधी खेमसिंगचा, मग तांड्याचे, मग पार आर्णीकडून. पऱ्हाटी जुन्या कापसाच्या ओट्यांवर, टिनांच्या शेडखाली आणि मग उघड्यावर, भिंतीला टेकून रचली गेली. मार्च संपेस्तोवर ढीग भिंतीच्या वर दिसू लागला. उकंडा संध्याकाळी त्याच्याभोवती फेरी मारी आणि बिडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर हाकली.

पण यंत्राला ती पऱ्हाटी पचेना.

प्रयोगशाळेत दीपानं एक एक काडी हातानं सोलली होती, शुद्ध पाण्यानं धुतली होती. इथे साल काढणारं यंत्र यायचं होतं ते आलंच नाही; जहाजावर आहे, बंदरात आहे, असंच ऐकू येई. सालीसकट घातलेल्या पहिल्याच घाण्यात पेजेचा रंग नालीच्या पाण्यासारखा झाला. मुळांना चिकटलेली काळी माती कितीही धुतली तरी तिची बारीक कच राही, आणि त्या दाबाखाली ती कच यंत्राच्या झडपा खरवडून टाकी. झडपा परदेशातून येत. पहिला जोड गेला, दुसरा गेला. एक वाटी पेजेला जेवढं पाणी लागे, त्या हिशेबानं हौदभर पेजेला जिनिंगची विहीर पुरेना. दीपा सकाळपासून बूट घालून त्या चिखलात उभी असे. तिला वाटे, आज जमेल. नंदकिशोरला तसं वाटत नव्हतं.

एप्रिलात एक ट्रक आला. त्यातून पांढऱ्या पुठ्ठ्यासारख्या लाद्या उतरल्या. परदेशी झाडांचा तयार लगदा, सालीशिवाय, मातीशिवाय. नंदकिशोरनं तो यंत्रात घातला आणि त्याच दुपारी नळातून निळसर दही पडू लागलं. सुंदर, एकसारखं, वाटीतल्यासारखं.

"हे आपलं नाही," दीपा म्हणाली.

"मॅडम, यंत्राला आपलं-परकं कळत नाही," नंदकिशोर म्हणाला. "माल निघतोय ना? ग्राहकाला नमुने दाखवू. पऱ्हाटीचं नंतर बघू."

"मग हा ढीग?"

"असू द्या. बँकेच्या कागदावर तो कच्चा माल आहे. त्याच्या तारणावर तर कारखाना उभा आहे."

दीपाला ढिगाची काळजी वेगळीच होती. ती कापसाच्या गावातली पोर होती. प्रत्येक पऱ्हाटीला शेंड्याशी न उमललेली, अर्धवट सुकलेली बोंडं लटकलेली असतात, आणि त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी निजून राहते. उन्हाळाभर निजते, पाऊस पडला की पतंग होऊन निघते. पऱ्हाटी वेळेत बारीक केली असती तर अळी तिच्यासोबतच मेली असती. दीपानं तांड्यावर तसंच सांगितलंही होतं. सगळं गणित त्या न आलेल्या यंत्रावर होतं.

मे महिन्यात तिनं एक बोंड फोडून नंदकिशोरच्या टेबलावर ठेवलं. आत नखाएवढी गुलाबी अळी वळवळली.

"पावसाच्या आत हा ढीग संपवायला पाहिजे, सर. भाड्यानं कुट्टी मशीन आणू, नाहीतर भट्टीवाल्यांना देऊन टाकू. नाहीतर ह्या अळ्या शेजारच्या शेतात जातील."

नंदकिशोरनं चष्मा काढून अळीकडे पाहिलं. "तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. त्यानं तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवून तो म्हणाला, "जूनअखेर बँकेची माणसं साठा बघायला येणार आहेत. तोवर काडी हलवायची नाही."

"आणि पाऊस?"

"पाऊस काय माझ्या हातात आहे, मॅडम?"

ती मंजुषा मॅडमशी बोलली. त्या फोनवर हळहळल्या. "तू लिहून कळव," म्हणाल्या. तिनं लिहून कळवलं. कृषी खात्याचा एक माणूस आला, बोंडं फोडून पाहून गेला, ढीग नष्ट करा असं सांगून गेला. कंपनीनं 'लवकरच' असं उत्तर दिलं. बँकेची माणसं जूनअखेर आली नाहीत, जुलैत आली. तोवर पाऊस पडून गेला होता, आणि भिजलेली पऱ्हाटी कोणी उचलेना.

खेमसिंगच्या शेतात विहीर होती, म्हणून त्याची सरकी मे महिन्यातच मातीत गेली होती. साऱ्या शिवारात आधी फूल त्याच्याच पऱ्हाटीला लागलं. जुलैच्या एका सकाळी तो जिनिंगच्या फाटकावर आला. हातात पानांचा द्रोण होता, द्रोणात फुलं.

"दीपाबाईले बलाव," तो उकंडाला म्हणाला.

दीपा आली. फुलं पाहून तिचं तोंड उतरलं. पाकळ्या उमललेल्याच नव्हत्या. एकमेकींना चिकटून, पिळा देऊन गुलाबाच्या कळीसारख्या बंद. डोमकळ्या. प्रत्येकीच्या आत एक अळी.

"भिंतीपासच्या साऱ्या तासाइले, एकूनएक ओळीले हेच हाये," खेमसिंग म्हणाला. "जसजसं भिंतीपासून दूर जा, तसतसं कमी. आता सांग पोरी, हे कोठून आलं?"

दीपाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "इथूनच आलं, काका."

"तुले ठाऊक होतं?"

"मे महिन्यातच सांगितलं होतं मी ह्यांना."

"त्याइले सांगतलं. मले काहून नाही सांगतलं? म्या सरकी लावून राह्यलो होतो तवा तू ह्याच भिंतीच्या आत होती."

तिला वाटलं होतं, ढीग हलेल. तिला वाटलं होतं, तांड्यावर उगाच ओरड कशाला करायची. कारखाना टिकला तर साऱ्यांचंच भलं. खेमसिंगनं द्रोण फाटकाच्या ओट्यावर ठेवला आणि उकंडाकडे न पाहता निघून गेला.

मग त्यानं फवारणी सुरू केली. एक औषध, मग दुसरं, मग दुकानदारानं दिलेली दोन्हींची मिसळण. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. औषध पानांवर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त पडे. ऑगस्टात एका दुपारी तो शेताच्या धुऱ्यावर, बांधाशीच पडला. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे धुकं. ट्रॅक्टरवर टाकून दिग्रस, तिथून गाडीनं यवतमाळ. दवाखान्यात वॉर्ड फवारणीच्याच माणसांनी भरला होता. दर गावाचा कोणी ना कोणी.

दीपा भेटायला गेली. खेमसिंगचे हात पलंगाला बांधले होते, कारण तो बडबडत सलाईन उपसत होता. रुपीबाई पायथ्याशी बसली होती.

"काकू," दीपा म्हणाली.

रुपीबाईनं तिच्याकडे पाहिलं. "ओयखत नाही तो कोनालेच. मलेही नाही. तू जा बाई."

"काही लागलं तर..."

"तुह्या हातचं काही नको आता."

खेमसिंग वाचला. त्याची नजर मात्र परत आली नाही. उजेड कळे, माणूस आवाजावरून ओळखावा लागे. तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या बाया फाटकाशी आल्या. पुढे रुपीबाई. तिच्या हातात रॉकेलची कॅन होती. पोळ्यानंतरचे दिवस, पावसानं दडी मारली होती, ऊन चैत्रासारखं कडक. शेडखालचा ढीग वाळून खडखडत होता.

"उकंडाभाऊ, फाटक खोला," ती म्हणाली.

उकंडा काठी धरून उभा राहिला. ह्या बायांना तो वहिनी म्हणत आला होता. त्याच्या कमरेला किल्ली होती. त्यानं वळून लेकीकडे पाहिलं. नंदकिशोर त्या दिवशी पुण्यात होता. दीपानं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "पोलिसांना बोलवा आणि फाटक बंद ठेवा."

दीपानं फोन खिशात ठेवला. ढिगातून आताही पतंग निघत होते, हे तिनं सकाळीच पाहिलं होतं. उशीर झाला होता, फार उशीर; पण दुसरी पिढी अजून निघायची होती, आणि शिवारातल्या बाकीच्या कपाशीला आता कुठे पात्या, कोवळ्या कळ्या, लागत होत्या.

"बाबा, कुलूप काढा," ती म्हणाली.

"काहाले म्हनतं? साहेब..."

"इथली प्रमुख मी आहे. माझ्या हुकमानं काढा."

त्यानं काढलं. तिनं कामगारांना बाहेर घालवलं, विजेचा मुख्य खटका खाली ओढला, यंत्राच्या शेडचं दार लावून घेतलं. रुपीबाईनं काडी लावली. पऱ्हाटीला पेटायला वेळ लागत नाही. टिनं तापून वाकली, कडाकडा वाजली. भिंतीपलीकडून लोक धावत आले आणि नुसते पाहत राहिले. रुपीबाई आगीकडे पाठ करून शेतात गेली. आपल्या पऱ्हाटीच्या तासात जाऊन उभी राहिली. दीपाशी ती एक शब्दही बोलली नाही.

दोन दिवसांनी नंदकिशोर आला. काळ्या झालेल्या आवारात तो बूट जपत फिरला. मग ऑफिसात बसून त्यानं दीपासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला.

"तांड्यावरचा जमाव आला, चौकीदाराला धमकावून फाटक उघडलं आणि आग लावली. एवढंच आहे. सही करा."

"असं झालं नाही."

"मॅडम, ऐका. इथलं संपलं. कंपनी नवा प्लांट गुजरातेत बंदराजवळ टाकते आहे. तिथे तयार लगदा थेट जहाजावरून उतरेल. पऱ्हाटी नाही, माती नाही, अळी नाही. तंत्र मात्र तुमचं आहे. तुम्ही आलात तर मला बरंच वाटेल. आणि वडिलांचं नाव कुठे येणार नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर चौकीदारानं आतून फाटक उघडलं, असं म्हणावं लागेल. ते खरंच आहे, नाही का?"

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तो थकलेला दिसत होता. दीपाला क्षणभर वाटलं, ह्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. तिनं कागद परत सारला आणि म्हणाली, "माझ्या हुकमानं फाटक उघडलं. रोगट माल मी नष्ट करवला. मी तसं पोलिसांत लिहून देते. काय व्हायचं ते माझं होऊ द्या."

नंदकिशोरनं कागद उचलून त्याची घडी घातली. "तुमची मर्जी," म्हणाला.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. उकंडा एकच सांगत होता, "कुलूप म्या काढलं. मले नेऊ दे. तू शिकेल हायेस." सकाळी रुखमाबाईनं दोघांच्या भाकरी बांधून दिल्या; तिला वाटलं, दोघांनाही ठेवून घेतील. उकंडानं इस्त्रीचा शर्ट घातला. बापलेक बसनं दिग्रसला उतरले.

ठाण्यात फौजदारानं दीपाचा अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग कपाटातून एक फाइल काढून उलगडली.

"मॅडम, तुम्ही कायले स्वतःवर घेऊन राह्यल्या?" तो म्हणाला. "कंपनीची तक्रारच नाही. त्यांनी कालच कळवलं, शेडमध्ये शॉर्ट सर्किट झालं. विम्याचा माणूसही येऊन, फोटो काढून गेला."

"मी स्वतः मुख्य खटका बंद केला होता. वीजच नव्हती आत."

"असन. पण आता झालं ना ते." त्यानं अर्ज तिच्या हातात परत दिला.

"तो ढीग तिथं का ठेवला होता, हे तरी लिहून घ्या. खेमसिंगकाकांच्या शेतातली अळी तिथून आली. त्यांचे डोळे गेले."

फौजदारानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बाई, साऱ्या जिल्ह्यात बोंडअळी हाये. माह्या भावाच्या शेतात झरी जामणीले हाये, माह्या सासऱ्याच्या शेतात ढाणकीले हाये. तिथं काय तुमचा ढीग होता? कोनती अळी कोठून आली, हे कोन सांगन? जा घरी."

हे खरंच होतं. त्या हंगामात बोंडअळी कुठे नव्हती? पंचनामे सुरू झाले होते, मोर्चे निघत होते, पेपरात दवाखान्यातल्या माणसांचे फोटो येत होते. एवढ्या मोठ्या नुकसानीत जिनिंगच्या भिंतीलगतची ती तासं कुठल्या कुठे वाहून गेली. कंपनीला विम्याचे पैसे हवे होते, तिची साक्ष नको होती, पोलिसांना काम नको होतं, आणि तिला जे कबूल करायचं होतं ते कोणालाच ऐकून घ्यायचं नव्हतं.

बाहेर उकंडा पिंपळाच्या पारावर भाकरीची फडकी मांडीवर घेऊन बसला होता. तिला एकटीच येताना पाहून तो उठला.

"काय म्हनतेत? मी जाऊ आत?"

"काही नाही, बाबा. घरी जा म्हणतात. वायरीनं आग लागली, असं लिहिलं आहे त्यांनी."

उकंडाला ते कळायला वेळ लागला. "मंग आपुन नाही जाळलं?"

"आपणच जाळलं."

"मंग सांग ना त्याइले तसं."

"सांगितलं."

तो ठाण्याच्या दाराकडे पाहत उभा राहिला. "खेमसिंगले काय सांगाचं?" त्यानं विचारलं. "त्यो तं इचारन, कोनाले शिक्षा झाली म्हनून."

दीपानं त्याच्या हातातली फडकी घेतली. आर्णीची बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता. दोघं चढले, मागच्या बाकावर बसले. तांड्याच्या थांब्यावर उतरायचं की पुढे घरी जायचं, हे बस सुटली तरी त्यांचं ठरलं नव्हतं. तांड्याचा थांबा आला तेव्हा उकंडा आधी उठला, आणि त्याच्यामागून दीपा.